टाकीचं झाकण उघडण्याआधी

आम्ही वाघोलीत राहणाऱ्या काही जणी आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. आमच्यापैकी कुणी सोसायटीच्या कमिटीवर आहे, कुणी नोकरी करते, कुणी घर सांभाळते, आणि एक ताई आमच्याच इमारतीत हाऊसकीपिंगचं काम करतात. विषय जरा नाक मुरडावं असा आहे. मैल्याची टाकी. स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर आधीच माफी मागतो, पण रेडिओ बंद करू नका. ही टाकी आपल्या सगळ्यांच्याच घराखाली आहे.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी, गणपतीचे दिवस होते. तळमजल्यावरच्या घरांत मोरीतून पाणी उलटं येऊ लागलं. जिन्यात वास पसरला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोपावर निरोप सुरू झाले. "घरी पाहुणे येणार आहेत, काय वाटेल ते करा, पण आजच्या आज करा." हा निरोप आमच्यातल्याच एकीचा होता. सेक्रेटरींनी एजन्सीला फोन लावला, एजन्सीने ठेकेदाराला, आणि ठेकेदाराने दोन मुलं पाठवली. त्यांनी झाकण काढलं. एकाने कमरेला दोर बांधला, हातात बादली घेतली आणि तो आत उतरला. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. काहींनी वास येतो म्हणून खिडक्या लावून घेतल्या. एकीने खाली चहा पाठवला. तासाभराने तो मुलगा वर आला, अंगावर चार बादल्या पाणी ओतून घेतलं आणि निघून गेला. त्याचं नाव कुणीही विचारलं नाही. वास गेला, पाहुणे आले, आरती झाली.

त्या दिवशी काही वाईट झालं नाही. ते केवळ नशीब होतं, हे आम्हाला नंतर समजलं.

२१ ऑक्टोबर २०२२. वसुबारस होती. घरोघरी फराळाची गडबड चालू होती. त्या दिवशी सकाळी आपल्याच वाघोलीत, एका गृहसंकुलात, मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगारांचा जीव गेला. अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांना बाहेर काढलं. बातमी वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर तो कमरेला दोर बांधलेला मुलगा आला. तसंच झाकण, तशीच बादली, आणि वरच्या मजल्यांवर आपल्यासारखीच माणसं.

ही घटना एकटीदुकटी नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशभर गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसं गेली.

कारखान्यात अपघात झाला की आपण विचारतो, मालक कोण? मग सोसायटीच्या टाकीत माणूस गेला तर मालक कोण? सेक्रेटरी एजन्सीकडे बोट दाखवतात, एजन्सी ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार म्हणतो, "मुलं स्वतःहून उतरली." पण पैसे कुठून आले? दर महिन्याला आपण भरतो त्या मेंटेनन्समधून. घाई कुणाला होती? आपल्याला. आपण नोकरी करतो तिथे आपण कामगार असतो, पण आपल्या इमारतीच्या गेटच्या आत आपण मालक असतो. वॉचमन, माळी, झाडलोट करणाऱ्या ताई, पंपाचं बघणारे दादा, या सगळ्यांसाठी आपली इमारत हे कामाचं ठिकाण आहे. ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

कायदाही तेच सांगतो. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की कोणत्याही व्यक्तीने किंवा संस्थेने, थेट किंवा दुसऱ्याच्या मार्फत, कुणालाही गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कामाला लावू नये. 'दुसऱ्याच्या मार्फत' हे शब्द नीट ऐका. मध्ये एजन्सी आहे, ठेकेदार आहे, म्हणून आपण सुटत नाही. धोकादायक सफाई म्हणजे काय, तर संरक्षक साधनं आणि सफाईची यंत्रं न देता, सुरक्षेची काळजी न घेता माणसाच्या हातून करून घेतलेली सफाई. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि साधनं दिली की झालं, असंही नाही. त्याच कायद्याच्या नियमांप्रमाणे माणसाला आत उतरवायचं ते अगदी मोजक्या कारणांसाठी, जिथे यंत्राने काम होणंच शक्य नाही तिथे. एरवी गरज पडली तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारण नोंदवून लेखी परवानगी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलं की सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा तातडीच्या वेळीही गुन्हाच मानला पाहिजे. म्हणजे घरी गणपती असोत की पाहुणे, ती सबब चालत नाही.

आता जरा टाकीच्या आत काय असतं ते बघू. कारण भीती नुसत्या घाणीची नाही, हवेची आहे.

मैला बंद जागेत साचून कुजला की त्यातून वायू तयार होतात. एक मिथेन, जो पेट घेतो. दुसरा कार्बन डायऑक्साइड. आणि तिसरा सगळ्यांत घातक, हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. थोडा असेल तर नाकाला लगेच कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत याचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. प्रत्यक्षात तेव्हाच धोका वाढलेला असतो. हेच प्रमाण पाचशे-सातशेच्या पुढे गेलं की माणूस बेशुद्ध पडतो, आणि हजाराच्या आसपास एकदोन श्वासांत कोसळू शकतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

"आम्ही तासभर झाकण उघडं ठेवलं होतं," असं ठेकेदार सांगतात. त्याने भागत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो. शिवाय बराचसा वायू गाळात बुडबुड्यांसारखा अडकलेला असतो. वरून हवा चांगली वाटते, पण माणसाने गाळात पाय टाकला किंवा फावडं मारलं की तो एकदम सुटतो.

आपल्या आजोबांच्या काळात पडीक विहिरीत उतरायच्या आधी कंदील खाली सोडून बघायचे. विझला तर उतरायचं नाही. काही जण टाकीतही मेणबत्ती किंवा पेटती काडी सोडून बघतात. कृपा करून हे करू देऊ नका. ज्योत फार तर प्राणवायू कमी असल्याचं सांगेल, विषारी वायू आहे की नाही ते सांगणार नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडेल. हवा तपासायची ती वायुमापक यंत्रानेच. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्कही या वायूला अडवत नाही.

आणखी एक गोष्ट अशा बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. एक माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. भाऊ भावासाठी उतरतो, वॉचमन कामगारासाठी उतरतो. मायेपोटी उतरलेला माणूसही त्याच हवेत श्वास घेतो. म्हणून ज्यांच्या घरातली माणसं या कामाला जातात, त्या मैत्रिणींना आमचं हात जोडून सांगणं आहे. आज घरी गेल्यावर एवढं बोला, की सोबतचा पडला तर मागून उडी घ्यायची नाही.

मग करायचं काय? १०१ वर अग्निशमन दलाला फोन करायचा, किंवा ११२ ला. १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची. टाकीची बाकीची झाकणंही उघडायची, गर्दी मागे हटवायची, जवळ विडी-काडी पेटवू द्यायची नाही. आतल्या माणसाच्या अंगाला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढायचं. ब्लोअर हाताशी असेल तर ताजी हवा आत सोडायची. अग्निशमन दलाच्या जवानांकडे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेण्याची साधनं असतात. ते येईपर्यंत वर थांबणं फार कठीण जातं, पण त्यानेच दुसरा जीव वाचतो.

आता आमच्या ताईंचं म्हणणं सांगतो. आम्ही सगळ्या जणी तावातावाने म्हणत होतो, कामगारांनी सरळ नाही म्हणावं. ताई म्हणाल्या, "तुम्हाला बोलायला सोपं आहे. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी ठेकेदार दुसरा माणूस आणतो. नाही म्हणणाऱ्याला परत बोलवत नाहीत." आमच्याकडे उत्तर नव्हतं. या कामाला पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींची माणसं लावली गेली, हे आपल्याला न सांगता ठाऊक आहे. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याच्या अंगावर 'नाही' म्हणण्याचं ओझं टाकणं बरोबर नाही. ते पैसे देणाऱ्यांनी म्हटलं पाहिजे.

मैत्रिणींनो, या बाबतीत बायकांनी काय मिळवलंय तेही ऐका. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्या तिघांच्या विधवा पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १७ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येकीला दहा लाख रुपये भरपाई द्यावी आणि सरकारने ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावी. सोसायटी खासगी आहे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हे त्या तिघींमुळे ठरलं. पुढे २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूच्या भरपाईची रक्कम तीस लाख केली. अर्थात तीस लाखांनी कुणाचं कुंकू परत येत नाही. पण हक्क काय आहे ते ठाऊक असलेलं बरं.

आता मूळ प्रश्न. माणसाला आत उतरायची वेळ येतेच का? आम्ही आमच्या पंपाच्या दादांना विचारलं. त्यांनी दोन कारणं सांगितली, आणि दोन्ही आपल्या घरापर्यंत येतात.

पहिलं कारण, ब्लोअर बंद ठेवणं. मोठ्या सोसायट्यांत मैलापाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प असतो, आपण त्याला एसटीपी म्हणतो. त्यात मैला खाणारे जीवाणू असतात आणि त्यांना जगायला हवा लागते. ती हवा ब्लोअर पुरवतो. वीजबिल वाचवायला, किंवा रात्री आवाज होतो म्हणून, आपण तो तासन्‌तास बंद ठेवायला लावतो. हवा तुटली की ते जीवाणू मरू लागतात आणि बिनहवेचे जीवाणू वाढतात. मग वास सुटतो, घातक वायू तयार होतो आणि पाणी नीट शुद्ध होत नाही. आपण वाचवलेल्या विजेची किंमत अशी कुणाच्या तरी श्वासातून वसूल होते.

दुसरं कारण ऐकून आम्ही सगळ्या जणी खाली बघू लागलो. पंपात काय अडकतं? सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले टिश्यू, केसांचे गुंते आणि तळणीच्या तेलाचा घट्ट थर. पंप अडकला की तो मोकळा करायला कुणाला तरी हात घालावा लागतो. कमोडची कळ दाबली की वस्तू आपल्या डोळ्यांआड होते, आणि खाली दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. तोच ठिपका टाकीत उतरणाऱ्या माणसालाही वाचवतो. आणि दिवाळीचं तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका, बाटलीत भरून वेगळं द्या. घरातल्या मुलग्यांना आणि पाहुण्यांनाही हे सांगा. बाथरूममध्ये झाकणाचा डबा ठेवला की निम्मं काम होतं.

गाळ उपसून नेल्यावर तो जातो कुठे, हेही आम्ही कधी विचारलं नव्हतं. टँकर गेटबाहेर गेला की आपण सुटलो, असं वाटायचं. पण तो मैला एखाद्या ओढ्यात ओतला तर ओढ्यातून नदीला मिळतो. आपली मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. ते पाणी सोलापूरची माणसं पितात. म्हणून टँकरवाल्याला विचारायचं, कुठे रिकामा करणार? मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात रिकामा केल्याची पावती आणल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. वाघोली ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. ड्रेनेजची वाहिनी, सक्शन गाडी, गाळ रिकामा करण्याची जागा, हे सगळं महापालिकेकडे लेखी मागण्याचा हक्क आता आपल्याला आहे.

आमच्या सोसायटीत आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते, असं आमच्यातली कमिटीवरची मैत्रीण म्हणते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. त्या सभेत आम्ही एक ठराव मांडला. आमच्या इमारतीच्या कोणत्याही मैल्याच्या टाकीत कोणीही माणूस उतरणार नाही. सफाई सक्शन गाडीने आणि पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने बाहेरूनच होईल. दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढायचा, तुंबण्याची वाट बघायची नाही. पंप दुरुस्तीला साखळीने वर ओढून घेता येतील असे बसवायचे, म्हणजे त्यांच्यासाठी खाली जावं लागणार नाही. झाकणांना कुलूप लावायचं, आणि किल्ली नोंदवहीत सही करूनच द्यायची. एजन्सीच्या करारात हे सगळं लिहून घ्यायचं.

सभेत वाद झाला. एक काका म्हणाले, "गाडीला जास्त पैसे लागतात. माणसं लावली तर निम्म्यात होतं." मागच्या रांगेतल्या एका आजी उठल्या. म्हणाल्या, "मग तुमच्या नातवाला उतरवा. फुकटात होईल." सभेत हसू झालं, मग सगळे गप्प झाले, आणि ठराव मंजूर झाला. मेंटेनन्स थोडा वाढला. कुणी सोसायटी सोडून गेलं नाही.

छोट्या इमारतीत, वाड्यात, चाळीत राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे कुठली कमिटी? तुमच्या घरमालकांना सांगा. चार घरांनी मिळून सक्शन गाडी बोलवा. आणि कुठे माणसाला टाकीत उतरवताना दिसलं तर १४४२० हा क्रमांक लक्षात ठेवा. गटार आणि सेप्टिक टाकीच्या सफाईसाठीची ही हेल्पलाइन आहे. गाडी बोलवायलाही ती कामाला येते, तक्रार द्यायलाही. जीव धोक्यात दिसला तर मात्र थेट ११२.

जाता जाता एक कबुली. आमच्या टाकीत उतरलेल्या त्या मुलाचा आम्ही नंतर शोध घेतला. ठेकेदार बदलला होता, त्याचा फोन लागला नाही. तो कुठे असेल, अजून हेच काम करत असेल का, आम्हाला माहीत नाही. पण आता गेटमधून कामाला कुणीही आलं की वॉचमनकाका वहीत त्याचं नाव, घरचा फोन क्रमांक आणि काय काम करणार ते लिहून घेतात. काम टाकीचं असेल तर आमच्यापैकी एक जण खाली जाऊन उभी राहते आणि काम बाहेरूनच होतंय ना, ते बघते.

तुमच्या इमारतीची टाकी शेवटची कधी आणि कशी साफ झाली, ते आज संध्याकाळी विचारून ठेवा.